उन्हाळा सरण्याआधीचे स्थलांतर : मिन्समिअर येथील किनारपक्षी

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात, डनिच आणि सायझवेल या दोन गावांच्या दरम्यान, उत्तर समुद्राला लागून मिन्समिअर हे सुमारे १,००० हेक्टरांचे पक्षी-अभयारण्य पसरलेले आहे. समुद्राकडून आत येताना प्रथम गोटे आणि वाळू यांचा नैसर्गिक बांध लागतो, त्यामागे निमखाऱ्या पाण्याची उथळ तळी, मग नळ जातीच्या उंच गवताचे विस्तीर्ण रान, ओली कुरणे, आणि शेवटी झाडी व झुडपांचा कोरडा माळ लागतो. त्यामुळे एरवी दूर दूर विखुरलेले अनेक अधिवास येथे पायी फिरण्याच्या अंतरात एकत्र सापडतात. ब्रिटनमध्ये जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने उन्हाळ्याचे मानले जातात आणि स्थलांतर म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर त्यानंतरचा, पाने पिवळी पडण्याचा काळ येतो. पक्ष्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. उत्तरेकडून परतणारे पहिले पक्षी मिन्समिअरच्या पाण्यावर जूनच्या मध्यालाच उतरू लागतात, जुलैत त्यांची संख्या वाढते आणि ऑगस्टमध्ये, माणसे समुद्रकिनारी सुटी घालवत असताना, ही परतीची वाहतूक ऐन भरात आलेली असते. त्या दिवसांत तेथे दिसलेल्या पक्ष्यांची यादी वरवर पाहता केवळ नावे आणि आकडे यांची असते. परंतु कोणत्या जातीचा पक्षी आला याबरोबरच तो नर की मादी, प्रौढ की त्याच वर्षी जन्मलेला, आणि त्याची पिसे कोणत्या अवस्थेत आहेत हे नोंदले, तर हजारो किलोमीटर दूरच्या टुंड्रा प्रदेशात त्या वर्षी काय घडले याचा बराचसा वृत्तांत त्या यादीतून वाचता येतो.

या यादीत सर्वांत मोठा वाटा किनारपक्ष्यांचा असतो. किनारपक्षी ही संज्ञा येथे तुतारी, पाणटिवळा, चिखल्या, टिलवा, उचाट्या अशा पक्ष्यांसाठी वापरली आहे, जे चिखलात व उथळ पाण्यात चालत, चोचीने टोचत किंवा पाणी चाळत कीटकांच्या अळ्या, कृमी आणि बारीक कवचधारी जीव खातात. यांपैकी अनेक जाती स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात, रशियाच्या टुंड्रात किंवा आइसलँडमध्ये वीण घालतात, कारण तेथील अल्पकाळाच्या उन्हाळ्यात दिवस जवळजवळ मावळत नाही आणि कीटकांचे पीक अमाप येते. पण हे पीक जितके अमाप तितकेच अल्पायुषी असते, त्यामुळे ज्या पालकाचे काम संपले त्याला तेथे थांबण्यात काही लाभ उरत नाही. उलट तो थांबला तर पिल्लांच्या अन्नातच वाटेकरी होतो. पक्षी इतक्या लवकर का परततात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे, आणि कोणाचे काम आधी संपते हे जातीजातीत वेगळे असल्यामुळे परतीचा क्रमही जातीजातीत वेगळा असतो.

स्पॉटेड रेडशँक हा लांब लाल पायांचा पक्षी या बाबतीत लक्षणीय आहे. त्याची मादी अंडी घालते, काही काळ उबवते आणि बहुधा पिल्ले बाहेर येण्याआधीच घरटे नरावर सोपवून दक्षिणेकडे निघते. म्हणून मिन्समिअरला जूनमध्ये दिसणारे या जातीचे पहिले पक्षी बहुतांशी माद्या असतात आणि त्या अजून विणीच्या पोशाखात, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्याभोर पिसांत असतात. हिरवी तुतारीदेखील अशीच लवकर येते. किनारपक्ष्यांत अपवादाने आढळणारी सवय म्हणजे ती जमिनीवर घरटे न करता ओल्या जंगलातील झाडांवर, कस्तुर किंवा इतर पक्ष्यांच्या जुन्या, सोडलेल्या घरट्यांत अंडी घालते, आणि तिच्यातही पिल्ले उडू लागण्याआधीच मादी निघून जाते. रफ या जातीत याच्या नेमके उलट घडते. त्याचे नर एका ठरावीक जागी जमून मानेभोवतीच्या पिसांची झालर फुलवतात, एकमेकांशी चढाओढ करतात आणि मीलनानंतर अंडी किंवा पिल्ले यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत. साहजिकच आधी नर परततात, मागाहून आकाराने बऱ्याच लहान असलेल्या माद्या आणि त्यानंतर त्या वर्षीची पिल्ले. तोपर्यंत नरांची ती प्रसिद्ध झालर गळून गेलेली असते, त्यामुळे चित्रांत पाहिलेला रफ ओळखणाऱ्यालाही ऑगस्टमधील रफ ओळखताना विचार करावा लागतो. याशिवाय ज्यांची अंडी कोल्ह्याने खाल्ली किंवा पुराने वाहून गेली, आणि ज्यांना पुन्हा घालण्याइतका वेळ उरला नाही, असे पक्षीही या आघाडीच्या तुकडीत असतात.

बाकदार चोचीची कर्ल्यू सँडपायपर ही तुतारी या सर्वांत अधिक बोलकी म्हणावी लागेल. ती सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पात आणि त्याच्या आसपास वीण घालते. तिचे नर पिल्लांच्या संगोपनात भाग घेत नाहीत, म्हणून जुलैच्या उत्तरार्धात विटकरी-लाल रंगाचे नर प्रथम दिसतात, त्यांच्यामागे माद्या येतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर फिकट बदामी छातीची तरुण पिढी येते. ही तरुण पिढी काही वर्षी विपुल असते, तर काही वर्षी जवळजवळ नसतेच, आणि या चढउताराचे कारण पक्ष्यांमध्ये नसून लेमिंग नावाच्या, उंदरासारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यात आहे. टुंड्रातील लेमिंगांची संख्या काही वर्षांच्या अंतराने खूप वाढते आणि मग कोसळते. लेमिंग मुबलक असले की ध्रुवीय कोल्हे आणि स्कुआ हे शिकारी पक्षी त्यांच्यावरच पोट भरतात. ते कोसळले की हेच शिकारी जमिनीवरील घरट्यांकडे वळतात आणि त्या वर्षी तुताऱ्यांची फारच थोडी पिल्ले वाचतात. सफोकच्या एका उथळ तळ्याकाठी सप्टेंबरच्या आरंभी मोजलेल्या तरुण तुताऱ्यांचा आकडा अशा रीतीने तैमिरमधील उंदरांच्या पिकाशी जोडलेला असतो. हीच जात हिवाळ्यात भारतीय किनाऱ्यावरही मोठ्या संख्येने उतरते आणि मुंबईच्या शिवडी व ठाणे खाडीच्या चिखलावर ती पाहणाऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. मार्ग निराळे असले तरी उगम त्याच टुंड्रात आहे.

प्रौढ पक्षी आधी निघून जातात आणि तरुण मागाहून येतात, या वस्तुस्थितीतून एक मोठा प्रश्न उभा राहतो, तो असा की कधीही न पाहिलेल्या प्रदेशाकडे जाणारी वाट या पिल्लांना कोण दाखवते. याचे आजवरचे एक अतिशय स्पष्ट उत्तर किनारपक्ष्यांवरून नव्हे, तर मैनेच्या कुळातील स्टार्लिंग या पक्ष्यावरून मिळाले आहे. पेर्डेक या डच संशोधकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेग शहराजवळ स्थलांतराच्या काळात पकडलेल्या ११,००० हून अधिक स्टार्लिंगांच्या पायांत कडी घालून त्यांना विमानाने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडण्यात आले. ज्या प्रौढांनी हा प्रवास पूर्वी केला होता त्यांनी आपण आडवाटेला आलो हे ओळखून दिशा बदलली आणि ते इंग्लंड व उत्तर फ्रान्सच्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. तरुण पक्षी मात्र हॉलंडहून ज्या दिशेने गेले असते त्याच दिशेने स्वित्झर्लंडहून निघाले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोहोचले. यावरून असे दिसते की पहिल्या प्रवासासाठी पक्ष्याला जन्मतः मिळते ती दिशा आणि ढोबळ अंतर. मुक्कामाच्या ठिकाणाची खरी ओळख त्याला अनुभवाने होते. उन्हाळ्याच्या अखेरीस अनपेक्षित जागी सापडणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांमध्ये तरुणांचे प्रमाण जास्त का असते, हेही यातून उमगते.

तरुण आणि प्रौढ ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा आधार म्हणजे पिसे. पीस ही मृत वस्तू आहे. ते एकदा वाढले की दुरुस्त होत नाही, झिजले तर गळून त्या जागी नवेच यावे लागते. प्रौढ पक्ष्याची पिसे ऑगस्टपर्यंत वीण, ऊन आणि हजारो किलोमीटरांचे उड्डाण सोसून विरलेली असतात, त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि लाल-काळ्या रंगांत मधूनमधून हिवाळी करडी पिसे डोकावू लागतात. तरुण पक्ष्याचा संपूर्ण पिसारा एकाच वेळी, काही आठवड्यांपूर्वीच वाढलेला असतो. त्यामुळे तो एकसारखा, टवटवीत, आणि प्रत्येक पिसाला फिकट कड असल्याने पाठीवर खवल्यांची नक्षी असावी असा दिसतो. जुनी पिसे गळून नवी येण्याची क्रिया म्हणजे पीसपालट, आणि ती पंखांच्या मोठ्या पिसांपर्यंत पोहोचली की उड्डाणाची क्षमता काही काळ घटते. म्हणून काही जाती प्रवासाच्या मध्येच, सुरक्षित आणि अन्नसंपन्न जागी अनेक आठवडे थांबून हे काम उरकतात, तर काही ते अर्धवट थांबवून आफ्रिकेत पूर्ण करतात. पहिल्या गटासाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील चिखलाटे हे वाटेवरचे क्षणिक थांबे नाहीत, तर वर्षातील एका मोठ्या गरजेची जागा आहेत.

काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते, कारण या एकाच जातीच्या दोन उपजाती मिन्समिअरच्या उन्हाळ्यात भिन्न हेतूंनी वावरतात. आइसलँडमध्ये वीण घालणारी उपजात जुलैपासून गडद विटकरी रंगात येऊन पोहोचते आणि तिच्यातील पुष्कळ पक्षी ब्रिटनमध्येच हिवाळा काढतात. नेदरलँड्समध्ये आणि थोड्या प्रमाणात पूर्व इंग्लंडमध्ये वीण घालणारी दुसरी उपजात जूनच्या अखेरीपासूनच आयबेरिया आणि पश्चिम आफ्रिकेतील भातशेतांकडे सरकू लागते. आइसलँडच्या पाणटिवळ्यांच्या पायांत रंगीत कड्यांचे विशिष्ट संच चढवलेले असल्यामुळे प्रत्येक पक्षी दुर्बिणीतून स्वतंत्रपणे ओळखता येतो, आणि अशाच नोंदी जुळवून २००४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की जोडीतील नर व मादी हिवाळ्यात एकमेकांपासून सरासरी सुमारे १,००० किलोमीटर दूर राहत असूनही वसंतात आइसलँडला साधारण तीन दिवसांच्या अंतराने पोहोचतात. अशा अभ्यासांत सामान्य पक्षीनिरीक्षकांनी कळवलेल्या नोंदींचा वाटा फार मोठा असतो. महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी किंवा ठाण्याच्या खाडीवर दिसणारे पाणटिवळे मात्र यांपैकी नव्हेत. ते आशियातून दक्षिणेकडे येणाऱ्या निराळ्या प्रवाहातील असतात.

मिन्समिअरचे हे पाणी निसर्गतःच असे आहे असा समज होणे स्वाभाविक आहे, पण त्याचा इतिहास पाहिला तर त्यात माणसाचा हात ठायी ठायी दिसतो, आणि तोच भाग सर्वांत अभ्यसनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील दलदल चर खणून कोरडी करण्यात आली आणि तिची कुरणे झाली. १९४० मध्ये जर्मन सैन्य समुद्रमार्गे उतरेल या भीतीने ही कुरणे मुद्दाम पुन्हा पाण्याखाली घालण्यात आली. शत्रू आला नाही. आले ते नळगवत आणि पक्षी. उचाट्या हा काळा-पांढरा, वर वळलेल्या चोचीचा पक्षी ब्रिटनमध्ये सुमारे शंभर वर्षे नियमितपणे वीण घालत नव्हता; १९४७ मध्ये तो मिन्समिअर येथे आणि त्याच परगण्यातील हॅव्हरगेट बेटावर पुन्हा घरटी करताना आढळला. १८८९ साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेने १९४७ मध्येच मिन्समिअरची व्यवस्था हाती घेतली, आणि पुढे हाच पक्षी तिचे बोधचिन्ह झाला. परंतु मिन्समिअरचे पाणी गोडे होते, नळगवताने उघडा चिखल झाकून टाकला आणि उचाट्या तेथून नाहीसा झाला.

बर्ट ॲक्सेल १९५९ मध्ये येथे व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा त्यांनी यातून नेमका धडा घेतला. केवळ जागा राखून भागणार नाही, पक्ष्याला लागणारी पाण्याची खोली, खारेपणा आणि उघडी जमीन ही तिन्ही घडवावी लागतील, असे त्यांचे मत होते, आणि १९६२ पासून त्यांनी बांधाच्या आतील जमीन उथळ खरवडून, मध्ये गोटे पसरलेली सपाट बेटे ठेवून, कृत्रिम तळ्यांचा समूह तयार करण्यास आरंभ केला. या समूहाला तेव्हापासून ‘स्क्रेप’ म्हणतात. पुढच्याच वर्षी उचाट्या येथे घरटी करण्यास परतला. कोकणातील खार जमिनीच्या बांधाला भरतीचे पाणी रोखणारी व ओहोटीला आतले पाणी सोडणारी उघाडी असते. त्याच तत्त्वावर येथेही दारांच्या साह्याने समुद्राचे खारे आणि ओढ्यांचे गोडे पाणी हवे त्या प्रमाणात मिसळता येते व पातळी वाढवता-उतरवता येते. ॲक्सेल यांची ही पद्धत पुढे अनेक ठिकाणी अनुसरली गेली, आणि पक्षीसंरक्षण म्हणजे कुंपण घालून बाजूला होणे नव्हे हे तिने ठळकपणे सिद्ध केले.

पातळीला इतके महत्त्व असण्याचे कारण पक्ष्यांच्या पायांत आणि चोचींत आहे. पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून लांब सरळ चोच चिखलात खुपसतो. डनलिन नावाच्या लहान तुतारीला मात्र दोन-तीन सेंटिमीटरांपेक्षा खोल पाणी निरुपयोगी असते, आणि छोटा टिलवा तर ओल्या चिखलाच्या कडेकडेनेच टिपत जातो. विणीच्या काळात बेटांभोवती पुरेसे पाणी राखावे लागते, नाहीतर कोल्हे घरट्यांपर्यंत पोहोचतात. जुलैनंतर तेच पाणी हळूहळू उतरले तर दररोज नवा ओला पट्टा उघडा पडतो आणि त्यातील डासांसारख्या माश्यांच्या अळ्या प्रवाशांच्या हाती लागतात. एकदम उतरले तर चिखल वाळून कठीण होतो. या अन्नाचे रूपांतर चरबीत होते, आणि एका ग्रॅम चरबीतून पिष्ट किंवा प्रथिनांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळत असल्याने ती लांबच्या उड्डाणाचे सर्वांत हलके इंधन ठरते. हे इंधन किती दूर नेऊ शकते याचा आजवरचा उच्चांक पाणटिवळ्याच्याच एका भावंड-जातीच्या तरुण पक्ष्याने २०२२ मध्ये नोंदवला. अलास्काहून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटर त्याने ११ दिवसांत, कोठेही न उतरता पार केले.

तळ्यांमागील नळगवताच्या रानातही याच सुमारास अशीच साठवण चालू असते, मात्र ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. सेज वॉर्बलर हा सुमारे १०–१२ ग्रॅम वजनाचा वटवट्या नळगवतावर वाढणाऱ्या माव्यावर ताव मारून आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि मग सहारा वाळवंटापलीकडे एका मोठ्या झेपेत जाण्याचा प्रयत्न करतो. त्याच रानात राहणारा रीड वॉर्बलर मात्र मजल-दरमजल करीत, वाटेत खात खात जातो. ज्या वर्षी मावा कमी, त्या वर्षी पहिल्याची अडचण होते, दुसऱ्याची तितकीशी नाही. कोकिळेच्या कुळातील युरोपीय कुकू तर त्याहून आधी निघतो: आपली अंडी दुसऱ्यांच्या घरट्यांत टाकल्यावर प्रौढांना थांबण्याचे प्रयोजनच नसल्याने बहुतेक प्रौढ जूनअखेरपर्यंत इंग्लंड सोडतात. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने २०११ पासून त्यांच्यावर उपग्रह-संदेशक बसवले, तेव्हा काही इटलीमार्गे व काही स्पेनमार्गे आफ्रिकेत जातात आणि स्पेनमार्गे जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आहे, असे आढळले.

ऑगस्टच्या अखेरीस यादीत आणखी एक घटक येतो, तो म्हणजे वारा. स्कँडिनेव्हियावर हवेचा दाब जास्त आणि आकाश निरभ्र असले की तेथील माशीमार, थिरथिरे आणि इतर छोटे गाणारे पक्षी रात्री उड्डाण करतात. त्यांना दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे जायचे असते, इंग्लंडला नव्हे. पण उत्तर समुद्रावर पूर्वेचा वारा, ढग आणि पाऊस एकत्र आले तर ते पश्चिमेकडे ढकलले जातात आणि दिसेल त्या पहिल्या जमिनीवर थकून उतरतात. ३ सप्टेंबर १९६५ रोजी सफोकच्या किनाऱ्यावर, मिन्समिअरसह, असेच घडले आणि काही तासांत लाखोंच्या संख्येने छोटे पक्षी उतरल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. असा प्रसंग पाहणाऱ्याला अपूर्व वाटतो, आणि तसे वाटणे गैर नाही, मात्र पक्ष्यांच्या बाजूने तो एक अपघातच असतो आणि ज्यांना किनारा गाठता येत नाही त्यांची नोंद कोणत्याच यादीत होत नाही.

राखलेल्या पाणथळीने काय साधते हे दोन आकड्यांवरून कळते. १९७१ मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये वीण घालणाऱ्या मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याची एकच जोडी उरली होती आणि ती मिन्समिअरला होती. बगळ्याच्या कुळातील बिटर्नचे घुमणारे नर १९९७ मध्ये देशभरात मिळून अवघे ११ होते. दोन्ही जाती आता पुष्कळ सावरल्या आहेत. समुद्राचे संकट मात्र वेगळ्या जातीचे आहे. हा किनारा मऊ मातीचा आहे आणि शेजारच्या डनिच या मध्ययुगीन बंदराचा बहुतेक भाग लाटांनी केव्हाच गिळला आहे. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी भरतीने पूर्व किनाऱ्यावरील अनेक बांध ओलांडले. दक्षिणेला सायझवेलच्या अणुऊर्जा केंद्राचा विस्तार करण्यास २०२२ मध्ये मंजुरी मिळाली असून, त्या बांधकामाचा किनाऱ्याच्या घडणीवर व पाण्याच्या पातळीवर काय परिणाम होईल ही संरक्षकांची रास्त चिंता आहे. समुद्राची पातळी वाढत असताना प्रत्येक बांध अनंतकाळ उंच करीत राहणे शक्य नाही. त्यामुळे बिटर्नला लागणारे गोड्या पाण्याचे नळगवत समुद्रापासून दूर नव्याने वाढवायचे आणि किनाऱ्यावर काही ठिकाणी खाऱ्या पाण्याला वाट द्यायची, असे दुहेरी धोरण आता आखले जाते. पहिल्याचे उदाहरण सफोकच्याच लेकनहीथ येथे आहे, जेथे १९९५ पासून गाजराच्या शेतांचे नळगवताच्या रानात रूपांतर करण्यात आले. दुसऱ्याचे उदाहरण एसेक्स परगण्यातील वॉलसी बेटावर आहे, जेथे लंडनच्या क्रॉसरेल बोगद्यांतून निघालेली सुमारे ३० लाख टन माती पसरून जमीन उंच केली गेली आणि २०१५ मध्ये जुना बांध फोडून भरतीचे पाणी आत घेण्यात आले. तेथील खाड्या व चिखलपट्टे आता किनारपक्ष्यांच्या वापरात आहेत.